पीपीटीत चित्र टाकण्याआधी: शिकवताना ऑनलाइन साहित्य कॉपीराइट सांभाळून कसं वापरावं

व्याख्यान उद्या सकाळी आणि पीपीटी आज रात्री. हृदयाची आकृती हवी असते. इमेज सर्चमध्ये छानशी सापडते, ती सेव्ह करून स्लाइडवर चिकटवायची आणि खाली बारीक अक्षरांत लिहायचं, ‘सौजन्य: इंटरनेट’. हे आपल्यापैकी बहुतेकांनी केलंय, मीही केलंय. वर्गात दाखवून विषय तिथेच संपला असता तर फारसं बिघडलं नसतं. पण तास संपता संपता मागच्या बाकावरून हाक येते, ‘सर, पीपीटी ग्रुपवर टाका ना!’ आणि मग ती पीपीटी ग्रुपवरून वेबसाइटवर, वेबसाइटवरून आणखी कुठे कुठे जाते.

म्हणून ‘हे वापरलं तर चालेल का?’ असं मोघम विचारून उपयोग नसतो. आपण त्याचं नेमकं काय करणार आहोत? वर्गात दाखवणार, लिंक देणार, प्रती वाटणार, की सगळ्या जगासाठी अपलोड करणार? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

१. आधी मूळ मालक शोधा

सर्च इंजिन फक्त पत्ता दाखवतं, साहित्य असतं दुसऱ्याच कुणाचं. ती हृदयाची आकृती एखाद्या क्लासच्या ब्लॉगवर दिसते. त्यांनी ती कुणाच्या तरी स्लाइडमधून उचललेली असते आणि त्या स्लाइडवाल्याने पाठ्यपुस्तकातून. चित्र टाकून उलटा शोध घ्या आणि चित्रकाराचं किंवा प्रकाशकाचं नाव व वापराच्या अटी दोन्ही सापडेपर्यंत मागे मागे जा. पाच-दहा मिनिटांत माग लागला नाही तर ते चित्र सोडून द्या. हृदयाच्या आकृत्यांचा काही दुष्काळ नाही.

‘कॉपीराइटचं चिन्ह दिसत नाही, म्हणजे मोकळं असणार’ हा समज सगळ्यात चिवट. १८८६च्या बर्न करारात (कॉपीराइटविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) आलेल्या देशांत हे संरक्षण मिळायला ना नोंदणी लागते, ना चिन्ह. अमेरिका या करारात १ मार्च १९८९ रोजी आली. आज जगातले बहुतेक देश त्यात आहेत.

संरक्षण असतं ते मांडणीला. हृदयाला चार कप्पे असतात ही माहिती कुणाच्या मालकीची नाही, पण ते चार कप्पे एखाद्या चित्रकाराने ज्या रेषांनी, रंगांनी दाखवले ते चित्र त्याचं. त्यामुळे समजून घेऊन स्वतः आकृती काढली तर प्रश्नच मिटतो. (दुसऱ्याच्या आकृतीवर पारदर्शक कागद ठेवून गिरवणं यात धरू नका, ती नक्कलच.)

जुन्या साहित्याचा मार्गही चांगला. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १८५८ची, तिच्यातल्या आकृत्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांच्या आणि ते वारले १८९७मध्ये. कॉपीराइटची मुदत बर्न करारानुसार साधारणपणे लेखकाच्या हयातीनंतर किमान ५० वर्षं, भारतात ६०, युरोपीय संघात ७०. कुठल्याही हिशेबाने त्या आकृत्या आता सर्वांच्या आहेत. मात्र त्याच पुस्तकाच्या ताज्या आवृत्तीसाठी नव्याने काढलेल्या रंगीत आकृत्या तशा नाहीत. पुस्तकाचं नाव तेच असलं तरी हक्क आवृत्तीगणिक बदलतात.

२. परवाना असेल तर अक्षरं नीट वाचा

क्रिएटिव्ह कॉमन्सचे (सीसी) परवाने, म्हणजे मालकाने ठरलेल्या अटींवर सगळ्यांना आधीच दिलेली परवानगी, २००२मध्ये आले आणि शिक्षकांचं काम खरोखर सोपं झालं. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. ‘एसए’ म्हणजे फेरफार करून वाटणार असाल तर तेही त्याच परवान्याखाली वाटा. ‘एनडी’ म्हणजे फेरफार केलेलं रूप वाटू नका. ‘सीसी झीरो’ असेल तर मालकाने शक्य तेवढे हक्क सोडलेले असतात.

आपल्याकडे चूक होते ती ‘एनडी’पाशी. आकृती इंग्रजीत असते, मुलांना समजावं म्हणून आपण ‘लेफ्ट व्हेंट्रिकल’ पुसून ‘डावी जवनिका’ लिहितो. हेतू कितीही चांगला असला तरी भाषांतर हा फेरफारच. स्वतःपुरतं करून ठेवायला या परवान्यांची ४.० आवृत्ती अडवत नाही, पण ते रूप वाटता येत नाही. मराठीतून शिकवणाऱ्याने म्हणूनच शोधतानाच ‘एनडी’ नसलेलं साहित्य निवडावं. नंतर हळहळण्यापेक्षा ते परवडतं.

परवाना संस्थेचा नसून त्या त्या वस्तूचा असतो, हेही ध्यानात ठेवा. ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकं देणाऱ्या संस्थेची बरीच पुस्तकं ‘सीसी बाय’खाली आहेत, पण त्यांचं कॅल्क्युलस ‘बाय-एनसी-एसए’खाली. विकिपीडियाचा मजकूर ‘बाय-एसए’ असला तरी त्याच पानावरच्या प्रत्येक चित्राचा परवाना वेगळा असू शकतो. चित्रावर क्लिक करून त्याच्या स्वतःच्या पानावर जायचं, तिथे तो लिहिलेला असतो.

श्रेय द्यायचं म्हणजे चार गोष्टी: शीर्षक, निर्माता, मूळ पानाची लिंक आणि परवाना. फेरफार केला असेल तर तोही नोंदवायचा. स्लाइडवर ते असं दिसेल:

*‘हृदयाचा उभा छेद’, निर्माता: (नाव), मूळ पान: (लिंक), परवाना: सीसी बाय ४.०. नावं मराठीत केली आहेत.*

हे चित्राखालीच लिहा. शेवटच्या स्लाइडवर कोंबलेली नावांची यादी, चित्र एकटं कॉपी झालं की मागे राहते. श्रेय द्यायचं राहून गेलं तर ४.० परवान्यात एक सोय आहे: चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर गेलेला हक्क आपोआप परत मिळतो.

३. परवाना नसेल तर कायद्यातली सवलत तपासा

इथे देश बदलला की उत्तर बदलतं, त्यामुळे दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाची नियमावली जशीच्या तशी उचलू नका.

भारतात १९५७च्या कायद्याचं कलम ५२ शिक्षक व विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या ओघात, तसंच प्रश्नपत्रिकेत आणि तिच्या उत्तरांत साहित्याची प्रत करू देतं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध प्रकाशकांनी केलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६मध्ये कसोटी घालून दिली ती उद्देशाची: शिकवण्याच्या कामासाठी जेवढं लागतं तेवढं. पण तो वाद कागदी प्रतींच्या संचांचा होता. कुणालाही उघडता येईल अशा वेबसाइटवर पीडीएफ चढवायला तो निकाल आधाराला येईल, असं धरून चालू नका.

अमेरिकेत ‘फेअर यूज’ला, म्हणजे परवानगीशिवाय वापरू देणाऱ्या सवलतीला, चार निकष आहेत: वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती भाग घेतला आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम होतो. ‘दहा टक्के किंवा एक प्रकरण घेतलं तर चालतं’ हा स्टाफरूममधला लाडका नियम मात्र कायद्यात कुठेच नाही. जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने अशी मोजपट्टी लावली होती. अपील न्यायालयाने २०१४मध्ये ती नाकारली आणि प्रत्येक उताऱ्याचा स्वतंत्र विचार करायला सांगितलं.

युरोपीय संघाच्या २०१९च्या निर्देशात डिजिटल अध्यापनासाठी सवलत आहे, पण संस्थेच्या आवारात किंवा फक्त तिथल्या विद्यार्थ्यांना व शिक्षकांना उघडता येईल अशा सुरक्षित जागी.

४. कुंपणाच्या आत की बाहेर, ते ठरवा

सवलत कुठलीही असो, लॉगिन लागणाऱ्या कोर्सपानाचं आणि खुल्या वेबसाइटचं गणित वेगळं. एक प्रसंग सांगतो. जर्मनीतल्या एका शाळेत विद्यार्थिनीने सादरीकरणासाठी कोर्दोबा शहराचा फोटो एका प्रवासविषयक वेबसाइटवरून घेतला. फोटोग्राफरने तिथे तो वापरू दिला होता, डाउनलोडला अडसर नव्हता, मुलीने वेबसाइटचं नावही दिलं होतं. शाळेने ते सादरीकरण आपल्या वेबसाइटवर चढवलं आणि प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०१८मध्ये निकाल लागला: दुसऱ्या वेबसाइटवर पुन्हा चढवायचं तर फोटोग्राफरची परवानगी हवी. एकीकडे खुलं होतं म्हणून दुसरीकडे आपोआप खुलं होत नाही आणि स्रोताचं नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही होत नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. लिंक देऊन भागत असेल तर लिंकच द्यायची. व्हिडिओ डाउनलोड न करता मूळ चॅनेलवरूनच एम्बेड करायचा. (चॅनेलच चोरीचा माल टाकणारं असेल तर लिंकही देऊ नका.) प्रत लागलीच तर लॉगिनमागे, त्या सत्रापुरती, हवा तेवढाच भाग.

तासाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकणार असाल तर ते टाकण्याआधी एकदा पूर्ण बघा. वर्गात दाखवलेली चित्रपटाची चार मिनिटं त्यातही असतात. तिथली स्वयंचलित यंत्रणा आवाज आणि चित्र जुळवून बघते. तुम्ही ते शिकवण्यासाठी वापरलंत हे तिला कळत नाही.

५. ग्रंथालयातलं, स्वतःचं आणि मुलांचं

ग्रंथालयाने वर्गणी भरलेल्या नियतकालिकातला लेख तुम्हाला वाचता येतो तो करारामुळे. त्या करारात पीडीएफ दुसरीकडे चढवायला मनाई असू शकते. ग्रंथपालांना विचारा. एका मिनिटाचं काम असतं आणि विद्यापीठात हा विषय त्यांच्याइतका कुणी हाताळत नाही. कायमची लिंक दिली की बहुतेक वेळा काम होतं.

स्वतःच्या शोधनिबंधाचं म्हणाल तर इथे भलेभले फसतात. छापताना सही केलेल्या कागदावर कॉपीराइट प्रकाशकाला देऊन टाकलेला असू शकतो. तो कागद शोधा. अनेक प्रकाशक छपाईपूर्व मसुदा वाटू देतात, अंतिम सजवलेली पीडीएफ नाही.

आणि गेल्या वर्षीच्या मुलीचा उत्तम प्रकल्प ‘नमुना’ म्हणून दाखवायचा असेल तर आधी तिला विचारा. तो तिचा आहे.

६. परवानगी मागायची तर नेमकी मागा

‘आपले साहित्य वापरण्याची परवानगी द्यावी’ एवढ्या मेलला उत्तर येत नाही, कारण समोरच्याला कशाला हो म्हणायचं तेच कळत नाही. असं लिहा:

*‘आपल्या अमुक पानावरची आकृती (लिंक सोबत) पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या शरीररचनाशास्त्राच्या व्याख्यानात वापरायची आहे. साधारण ६० विद्यार्थी, लॉगिन लागणारं कोर्सपान, एक सत्र, शुल्क आकारणी नाही. नावं मराठीत करायची आहेत. श्रेय आपण सांगाल तसं देऊ.’*

उत्तर आलं नाही तर ते ‘नाही’च समजायचं. ‘मेल केला होता’ हा बचाव होत नाही.

७. एक साधी तक्ता-फाइल ठेवा

स्लाइड क्रमांक, साहित्य, मूळ लिंक, परवाना किंवा सवलत, ज्या दिवशी बघितलं ती तारीख. एवढे पाच रकाने पुरे. परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉटही सोबत ठेवा, कारण पानं गायब होतात आणि दोन वर्षांनी कुणी विचारलं तर आठवणीवर भागत नाही. पीपीटी बनवतानाच भरत गेलं तर दर चित्रामागे मिनिटभर लागतं. सत्राच्या शेवटी भरायला बसलात तर आख्खा रविवार जातो. पुढच्या वर्षी तो पेपर दुसऱ्या कुणाकडे गेला तर स्लाइडसोबत ही फाइलही त्यांच्याकडे द्या.