रेटिनॉलने चेहरा सोलला, मग असं जमवलं
वय ५२, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या दिसायला लागल्या म्हणून घाईघाईत १ टक्का रेटिनॉलचं (हा व्हिटॅमिन ए चाच एक प्रकार) सीरम आणलं आणि रोज रात्री लावत सुटले, चौथ्या दिवशी नाकाच्या बाजूची कातडी कोंड्यासारखी निघायला लागली, साधं पाणी लागलं तरी चुरचुरायचं. सगळं बंद केलं, १५ दिवस फक्त मॉइश्चरायझर. मग ०.२ टक्क्याचं, स्क्वालेन नावाच्या हलक्या तेलातलं, बिनवासाचं घेतलं. आठवड्यातून दोनदाच, चेहरा पूर्ण कोरडा झाला की आधी क्रीम, मग मटारच्या दाण्याएवढं सीरम, वर परत क्रीम. सकाळी सनस्क्रीन न चुकता, हे खरंच टाळू नका. फरक दिसायला ३ महिने लागले, पण आता चुरचुर अजिबात नाही. आणि हो, प्रेग्नंट असाल तर रेटिनॉल नकोच.