जपानी उपाहारगृहात हंगामी मासे आणि साके

जपानमधील इझाकायात, म्हणजे मद्यासोबत छोटे पदार्थ देणाऱ्या उपाहारगृहात, बसल्यावर छापील मेनूपेक्षा भिंतीवर लावलेल्या हस्तलिखित पट्ट्यांकडे आधी पाहावे, कारण त्या दिवशी बाजारातून आलेले ताजे मासे बहुधा तिथेच लिहिलेले असतात. वाचता येत नसल्यास 'ओसुसुमे' म्हणजे शिफारस एवढे विचारले तरी पुरते. न मागताच समोर येणारी खाद्यपदार्थाची छोटी वाटी, 'ओतोशी', बहुतेक ठिकाणी बिलात धरली जाते. तिच्यावरून वाद घालू नये.

वसंतात तोयामा उपसागरातील चमकणारे होतारु-इका (छोटे माकूळ), उन्हाळ्यात क्योतोचा हामो (सापासारखा लांब मासा), शरदात मीठ लावून भाजलेला सान्मा (बारीक, चंदेरी मासा) आणि हिवाळ्यात चरबीने भरलेला बुरी (यलोटेल मासा), असा साधारण क्रम असतो. साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप, मागवल्यास पांढऱ्या, सौम्य माशापासून सुरुवात करून तेलकट माशाकडे जावे, म्हणजे नाजूक चव दबत नाही.

साकेची, म्हणजे तांदळापासून बनणाऱ्या जपानी मद्याची, निवडही याच तर्काने करावी. जास्त घासलेल्या तांदळाची सुगंधी गिंजो साके सुमारे १० अंशांवर थंड घेऊन साशिमीबरोबर प्यावी. भाजलेल्या किंवा तेलकट माशाला मात्र जुन्माई, म्हणजे वेगळे अल्कोहोल न मिसळलेली साके, ४० ते ५० अंशांपर्यंत कोमट किंवा गरम करून मागवावी, कारण उष्णतेने तिची तांदळाची चव खुलते आणि, माझ्या मते, थंडीत यासारखी जोडी नाही. शरदात 'हियाओरोशी', म्हणजे उन्हाळाभर मुरवलेली साके, दिसली तर ती सोडू नये.

साके 'गो' या जपानी मापाने मागवतात; एक गो म्हणजे १८० मिलिलिटर, आणि साकेत अल्कोहोल साधारण १५ टक्के असते. म्हणून मध्ये मध्ये पाणी पीत राहावे. जपानमध्ये मद्यपानासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात.