बेसिस्ट सोडून चाललाय? बँड पुन्हा बसवताना

नवा माणूस शोधण्याआधी जाणाऱ्याच्या बोटांतलं काढून घ्या. गाणी बहुतेकदा कुठेच लिहिलेली नसतात, आणि स्टेजवर वाजतं ते अल्बमपेक्षा बरंच बदललेलं असतं. सेटमधलं प्रत्येक गाणं त्याच्याकडून क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर), अ‍ॅम्पशिवाय थेट इंटरफेसमध्ये (वाद्य संगणकाला जोडणारी पेटी) रेकॉर्ड करून घ्या. सोबत कागदावर ट्यूनिंग (अर्धा स्वर उतरवलेलं गाणं हमखास विसरलं जातं), पिकने (तार छेडायच्या पत्तीने) वाजवायचं की बोटांनी, पेडल कुठे दाबायचा. बीपीएम (मिनिटाला किती ठोके) लाइव्ह रेकॉर्डिंगवरून मोजा. अल्बमवर 142 असलेलं गाणं स्टेजवर सहज 148 ला जातं.

ऑडिशनला तीन गाणी आठवडाभर आधी द्या: एक वेगवान, एक संथ, एक मध्येच थांबणारं. संथ गाण्याकडे नीट लक्ष द्या, दोन स्वरांमधली जागा लांबली की घाई करणारा हात तिथे उघडा पडतो. चौथं गाणं तिथल्या तिथे शिकवा.

पहिले दोन सराव फक्त बेस आणि ड्रम. गिटार चालू असली की बेस किकच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) मागे पडतोय हे ऐकूच येत नाही. चाळीस मिनिटांच्या सेटला साधारण दहा गाणी लागतात. एका सरावात तीन-चारच बसवा, शेवटचा सराव न थांबता. गडबड होते ती थांब्यानंतर परत आत येताना आणि शेवटाला, कारण तिथे मान हलवून इशारा देणाराच गेलेला असतो. आता इशारा कोण देणार ते ठरवा.

पक्का सदस्य करायची घाई नको. 2013 मध्ये बेसिस्ट किम डीलने पिक्सीज हा अमेरिकन रॉक बँड सोडल्यावर आधी किम शॅटक दौऱ्यावर होती, मग पाझ लेन्चँटिन आली. तिला कायमची सदस्य म्हणून जाहीर केलं थेट 2016 मध्ये. इंटरपोल या न्यूयॉर्कच्या बँडने तर बेसिस्ट कार्लोस डेंग्लर गेल्यावर त्याच्या जागी कुणालाच पक्कं घेतलं नाही. 2014 च्या अल्बमवर बेस गायक पॉल बँक्सनेच वाजवला.

पैशाचं लेखीच हवं. रचना, रेकॉर्डिंग आणि गिगचं मानधन या तीन वेगळ्या गोष्टी. जुन्या गाण्यांतला जाणाऱ्याचा वाटा राहतो. नव्याला आधी मानधन, आणि नव्या गाण्यांतला वाटा गाणं बसवायच्या आधीच ठरलेला. बँडचं नाव कुणाकडे, तेही त्याच कागदावर. गाणी स्ट्रीमिंगवर चढवणारं खातं जाणाऱ्याच्या ईमेलवर असेल तर तो जायच्या आत बदलून घ्या, नाहीतर वर्गणी थकली की काही सेवा गाणी उतरवतात.