साथीच्या काळातला सरकारी आदेश कसा वाचायचा

आदेश हातात आला की आधी शेवटचं पान उघडा आणि सही कोणाची आहे ते बघा. मग पहिल्या पानावर येऊन 'वाचा' या शब्दाखाली कायद्यांची आणि आधीच्या आदेशांची जी यादी असते, ती वाचा. मधलं 'ज्याअर्थी… त्याअर्थी' नंतर सवडीने बघितलं तरी चालतं. मी सिंधुदुर्गात तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. 2020 साली, कोविडच्या साथीत, आवक टपाल माझ्याच टेबलावर यायचं. व्हॉट्सॲपवर आदेशाचं एकच पान फिरायचं आणि ते घेऊन माणसं खिडकीवर भांडायला यायची. आमच्या साहेबांच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी साहेबांशी भांडून काय मिळणार?

सहीवरून दार कळतं. केंद्रीय गृहसचिवांची सही असेल तर तो राष्ट्रीय कार्यकारी समितीचा आदेश. मुख्य सचिवांची असेल तर राज्य कार्यकारी समितीचा. जिल्हाधिकाऱ्यांची असेल तर ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून बोलताहेत. जमावबंदीचा आदेश मात्र वेगळा. तो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघायचा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतो.

आता मूळ वाटणी. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालयं आणि दवाखाने राज्य सूचीत आहेत, नोंद 6. बंदरावरचं क्वारंटाइन आणि राज्याराज्यांमधलं क्वारंटाइन केंद्राकडे, नोंदी 28 आणि 81. एका राज्यातली साथ दुसऱ्यात शिरू नये यासाठीचं सगळं समवर्ती सूचीत, नोंद 29. मुंबईत 1896 साली प्लेग आला, त्यातून झालेला 1897 चा साथरोग अधिनियमही याच वळणाचा आहे. कलम 2 मध्ये राज्याला जवळजवळ मोकळं रान, आणि केंद्राला कलम 2अ खाली बंदरं आणि जहाजं. बस, रेल्वे, विमानं त्यात आली ती 2020 च्या दुरुस्तीनंतर.

मग आरोग्य राज्याचं असताना 25 मार्च 2020 पासून अख्खा देश दिल्लीच्या आदेशाने बंद कसा झाला? ते आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 मुळे. त्यात वरून खाली आदेश देता येतात, आणि कलम 72 मुळे तो इतर कायद्यांवर वरचढ ठरतो. माझ्या मते पूर-भूकंप डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कायद्याला महिनोन् महिने साथीचं गाडं ओढायला लावलं, आणि गोंधळ तिथेच झाला. म्हणून 'वाचा'खाली 1897 आहे, 2005 आहे की दोन्ही, ते बघायचं. महाराष्ट्राच्या आदेशांत बहुतेक वेळा दोन्ही असायचे.

दोन आदेश एकमेकांशी भांडले तर? पहिल्या टाळेबंदीत नियम सोपा होता: राज्याने कडक करावं, सैल करू नये. एप्रिल 2020 मध्ये केरळने हॉटेलं आणि केशकर्तनालयं उघडायची सवलत काढली, तेव्हा गृहमंत्रालयाने लगेच हरकत घेतली आणि केरळला पाऊल मागे घ्यावं लागलं. पण ऑगस्टअखेर उलटं झालं. अनलॉक 4 मध्ये, म्हणजे टाळेबंदी उठवण्याच्या चौथ्या टप्प्यात, केंद्र म्हणालं, प्रतिबंधित क्षेत्राबाहेर आम्हाला विचारल्याशिवाय स्थानिक टाळेबंदी लावू नका. प्रवासाला पास लागणार नाही असं केंद्र आधीपासून सांगत होतं, तरी आपल्याकडे जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास 2 सप्टेंबरपर्यंत चालूच होता. तेव्हा तारीख बघा. मागच्या महिन्याचा आदेश दाखवून आजचा नाका उघडत नाही.

राज्याची सीमा आली की मामला अवघड. दोडामार्ग-बांद्याकडच्या माणसाला मोठं दुखणं म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. खिडकीवर यायचे, "भाऊ, बांबोळीक जावचा हा, पास कोण देतलो?" आमचा पास सीमेवरच्या पत्रादेवी नाक्याच्या अलीकडेपर्यंत. पलीकडे गोवा सरकार. आणि मे 2021 मध्ये तर निगेटिव्ह दाखल्याशिवाय गोव्यात प्रवेश नाही हे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ठरवलं होतं. तिथे ना आमचे जिल्हाधिकारी काही करू शकत, ना त्यांचे. कर्नाटकाने मातीचे ढिगारे टाकून केरळातल्या कासरगोडच्या रुग्णांची मंगळुरूची वाट अडवली, ते प्रकरणही केरळ उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा कुठे रुग्णांना वाट मिळाली. पलीकडच्या राज्याने अडवलं तर अर्ज पलीकडच्या अधिकाऱ्याला करा आणि प्रत आपल्याकडे द्या. तातडीचं असेल तर वकील गाठा.

गावाचं काय? 2020 च्या गणपतीत चाकरमान्यांना चौदा दिवस शाळेत विलगीकरणात ठेवायचं असं कितीतरी गावांनी ठरवलं होतं. राज्याने दहा दिवस सांगितले. सरपंच रागावले, पण साथीसाठी गावात नेमलेल्या ग्राम समितीला अधिकार मिळतो तो वरच्या आदेशातून. स्वतःच्या ठरावावर ती कोणाला वेशीवर अडवू शकत नाही. गावाला भीती वाटत होती हे खरं, आणि उद्या घरात कोणी आजारी पडलं तर धावणारं गावच, हेही खरं. अशा वेळी आदेशाची प्रत दाखवा, आवाज चढवू नका.

रुग्णालयाच्या बिलाचं भांडण राज्याच्या दारातलं. 21 मे 2020 च्या अधिसूचनेने खाजगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दिवसाचे दर बांधले: साधा विलगीकरण कक्ष 4,000, अतिदक्षता विभाग 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये. माझ्या एका नातेवाइकाला एका रुग्णालयाने याहून कितीतरी जास्त लावलं होतं. अधिसूचनेची प्रत जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकल्यावर बिल खाली आलं. लशीचं बघितलं तर खरेदीचा भार मे 2021 मध्ये काही काळ राज्यांवरही आला. मुंबई महापालिकेने जागतिक निविदा काढली, हाती काही लागलं नाही, आणि 21 जूनपासून खरेदी पुन्हा मुख्यतः केंद्राकडे गेली.

कारवाईची नोटीस आली तर कलम तपासा. आदेश मोडल्याचं पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम 188 आता भारतीय न्याय संहितेत 223 आहे. आपत्ती कायद्याचं कलम 51 असेल तर ते हलक्यात घेऊ नका, त्यात एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि जीवितहानी झाली तर दोन.

अर्ज एका पानाचा करा. वरच आदेशाचा क्रमांक, तारीख आणि कलम लिहा, खाली नेमकं काय हवं ते एका वाक्यात. आदेशाच्या शेवटी 'प्रत माहितीसाठी' म्हणून ज्यांची नावं असतात, त्यांतल्या जवळच्या कार्यालयालाही एक प्रत द्या. आणि तुमच्याकडच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.