२१ अंकी संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

लातूरला माझ्या शिकवणीत आठवीच्या पोरांना दरवर्षी एक संख्या देतो: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. म्हणजे २ चा ६७ वा घात, त्यातून १ वजा. मूळ की संयुक्त, एवढंच सांगायचं. यंदा पाच मिनिटांत एक हात वर. "सर, ह्याला दहानं भाग जायलाय की!"

शेवटी ७ दिसत असताना दहाने कसा? पोराने संख्या एक्सेलमध्ये टाकली होती. एक्सेल पहिले १५ अंकच धरून ठेवतं, उरलेल्यांची शून्यं करतं. सेल रुंद करून पाहिला तर १४७५७३९५२५८९६७६००००००. शेवटचे सहा अंक गेले ते गेलेच, ते परत आणता येत नाहीत. सेल आधी 'टेक्स्ट' केला तर अंक शाबूत राहतात, पण ते नुसते बघायला. गणित तिथे करूच नका.

मी पायथन ही प्रोग्रामिंग भाषा वापरतो, तिथे पूर्णांक कितीही लांब चालतो. पण तिथेही एक खड्डा आहे. तिरक्या रेघेने भागून 'उत्तर पूर्णांक आलं का' असं बघितलं, तर भागाकार दशांश प्रकारात येतो आणि एवढ्या मोठ्या आकड्यात अपूर्णांकाला जागाच उरत नाही. मग ३ ने भाग जातो, ७ ने जातो, १३ नेही जातो! टक्क्याच्या चिन्हाने बाकी काढा. शून्य आली तरच भाग गेला.

"६७ मूळ आहे, म्हणजे ही पण मूळच," हे दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. त्यांना फार बोलत नाही. फ्रेंच गणिती मर्सेननेही १६४४ मध्ये अशा मूळ संख्या देणाऱ्या घातांच्या यादीत ६७ धरला होता. घात संयुक्त असेल तर अशी संख्या संयुक्तच असते, पण उलटं खरं नाही. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ती २३ × ८९ आहे.

१८७६ मध्ये फ्रेंच गणिती ल्युकासने ही २१ अंकी संख्या संयुक्त ठरवली, तीही एकही अवयव न सापडता. हे पोरांना पटत नाही. "मग अवयव दाखवा की सर!" मूळ संख्येने पाळायलाच हवा असा नियम मोडला की ती संयुक्त ठरली, अवयव हुडकणं ही निराळी मेहनत. ती १९०३ मध्ये अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी निभावली: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

तुम्ही हुडकायला बसलात तर ३, ७, ११ पासून सुरुवात करू नका. या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला १३४ ने भागलं की बाकी १ च उरते (१३४ म्हणजे ६७ ची दुप्पट). १९३७०७७२१ = १३४ × १४४५५८० + १, करून बघा. बाकीच्या संख्यांनी भागत बसणं म्हणजे रिकामी हमाली.

संख्या मोठी म्हणून विभाजक ढीगभर, हाही भ्रम. वरचे दोन्ही अवयव मूळ आहेत, म्हणून या २१ अंकी संख्येला विभाजक फक्त ४ (१, हे दोन अवयव आणि ती संख्या स्वतः). आणि ३६० ला २४! ३६० = २³ × ३² × ५, म्हणून प्रत्येक घातांकात १ मिळवून ४ × ३ × २. इथे घातांकात १ मिळवायचा विसरून ३ × २ × १ = ६ लिहिणारे निम्मे तरी निघतात.

आता ताळा. एका मुलीने कोलचा गुणाकार हाताने केला, दोन पानं भरून. नवाचा ताळा (अंकांची बेरीज करून ९ ने भागल्यावरची बाकी बघणं) जुळला, उत्तर मात्र चूक. दुसरा अवयव उतरवताना तिने ...८२५७... च्या जागी ...८५२७... लिहिलं होतं. अंकांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते, नवाचा ताळा गप्प बसतो. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल अकराचा ताळा पकडतो: उजवीकडून एक अंक अधिक, एक वजा, मग ११ ने भागून बाकी. आपल्या २१ अंकी संख्येची बाकी ६ येते. तिच्या उत्तराची ७ आली.