न थुंकणारं मूल आणि फ्लोराईडची पेस्ट

मऊ ब्रश घ्या, ट्यूबवर १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराईड लिहिलंय ना ते बघा. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांना वाटाण्याएवढी. जाहिरातीतली ब्रशभर लाट विसरा. ट्यूब मोठ्यांच्याच हातात राहील.

आता खरी डोकेदुखी, थुंकणं. माझ्या मोठीने दोन वर्षं फेस बाहेर टाकला नाही. मी काय करायचे, तर हातात पाण्याचा पेला द्यायचे, 'चूळ भर' म्हणायचे. ती पेस्टसकट घटाघट पिऊन टाकायची आणि वर रिकामा पेला दाखवायची! पेला देऊ नका. थुंकणं ब्रशपासून वेगळं शिकवा: आंघोळीच्या वेळी तोंडात पाणी घेऊन बादलीत नेम धरून पिचकारी मारायची, आधी तुम्ही, मग ती. पंधरा दिवसांत जमतं. मग ब्रश करताना मोरीवर वाकवून उभं करा, हनुवटी खाली. मान वर असली की फेस घशातच जाणार. जमेपर्यंत बोटाला ओलं फडकं गुंडाळून फेस पुसून घ्या.

एखाद्या दिवशी गिळलं तर घाबरू नका. वाटाण्याएवढ्या पेस्टमध्ये फ्लोराईड पाव मिलिग्रॅमच्या आसपास असतं. रोज गिळणं वाईट. कायमचे दात साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीआड घडत असतात, त्यांच्यावर पांढरे डाग उमटू शकतात. पण या धास्तीने फ्लोराईडच बंद करणाऱ्यांचा मला राग येतो. किडीने पोखरलेली दाढ घेऊन रात्रभर रडणारं पोर त्यांनी पाहिलेलं नसावं.

थुंकणं जमलं की खळखळून चूळ भरायची नाही, मोठ्यांनीही. दातांवर राहिलेलं फ्लोराईडच पुढचं काम करतं, ते धुऊन कशाला टाकायचं? नुसतं थुंका, ओठ पुसा.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त असतं. तिथे आधी पाणी तपासून घ्या, लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पिऊ नका. उकळून फ्लोराईड जात नाही, पाणी आटून उलट दाटतं. अशा घरातल्या मुलाची पेस्ट दंतवैद्याला विचारूनच ठरवा.

रात्रीच्या ब्रशनंतर दूध नाही. हे आजीला कोण सांगणार, ते तुम्ही आपसात ठरवा.