गाणं पाठवताना ‘कसं वाटलं?’ विचारू नका

घरी मिक्स केलेलं (वाद्यं आणि गाणाऱ्याचा आवाज यांचा समतोल साधून एकत्र केलेलं) रॉक गाणं मित्रांना पाठवलं की ‘भारी झालंय रे!’ एवढंच उत्तर येतं, आणि मिक्स आहे तिथेच राहतं. मी आता असं करतो:

१. डब्ल्यूएव्ही (न दाबलेली, पूर्ण दर्जाची) फाइल ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवतो. सोबत एकच प्रश्न: ‘दुसऱ्या कोरसमध्ये, १:४८ पासून, शब्द कळतात का?’

२. तुलनेसाठी एखादं मास्टर झालेलं (प्रकाशनासाठी शेवटचा हात फिरवलेलं) गाणं देतो, पण त्याचा आवाज माझ्या मिक्सइतका उतरवून. नाहीतर जे मोठ्याने वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं.

३. कशावर ऐकलं ते विचारतो. फोनच्या स्पीकरवर बेसचे खालचे सूर ऐकूच येत नाहीत. ‘बेस कमी आहे’ ही तक्रार तिथून आली असेल, तर फेडरला (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीला) हात लावत नाही.

दुसऱ्याचं गाणं ऐकताना वेळ टिपा आणि काय ऐकू आलं तेवढंच लिहा. ‘गिटार मडी (गढूळ, अस्पष्ट) आहे’पेक्षा ‘०:५२ला डिस्टॉर्शन (गिटारचा खरखरीत आवाज) आलं की किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) गायब होते’ हे कितीतरी कामाचं. जमलेली जागाही नेमकी सांगा, नाहीतर पुढच्या वेळी गाणं करणारा नेमकं तेच बदलून बसतो.

एक जपा: दोघा-तिघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा तपासाच, उपाय मात्र आपल्या कानांनी शोधा. मला तिघांनी ‘गाणाऱ्याचा आवाज वाढव’ म्हटलं होतं. प्रत्यक्षात दोन्ही गिटारचा २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा (जिथे शब्दांची स्पष्टता असते) थोडा कमी केला आणि शब्द मोकळे झाले.